एलियेजर बेन-यहूदा : इब्री भाषा घरात आणणारा मनुष्य

जुना करार, अरामी भाषेतील थोडा भाग वगळता, मूळ इब्री भाषेत लिहिला गेला, हे आपल्या मंडळ्यांतील बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. उपदेशक बंधूंपैकी काहींनी सेमिनरीत त्या भाषेची अक्षरे गिरवलीही असतील. प्रस्तुत लेखकाने ती गिरवली, आणि उजवीकडून डावीकडे वाचताना डोळ्यांस व मानेस किती कष्ट झाले हे तो अद्याप विसरलेला नाही. त्या दिवसांत आम्हांस इब्री म्हणजे संस्कृताप्रमाणे पोथीत राहणारी भाषा वाटे. तिच्यात कोणी भाजी विकत घेत असेल, मुलास रागे भरत असेल, असे मनात येत नसे. परंतु आज यरुशलेमेत लहान पोर आईजवळ आइस्क्रीम मागते ते इब्रीत, आणि आई नाही म्हणते तेही इब्रीत. सुमारे सतराशे वर्षे जी कोणाही बालकाची मातृभाषा नव्हती, ती आज लक्षावधी बालकांची मातृभाषा झाली आहे. हे कोणी केले, कशासाठी केले, आणि हे लोक जी बोलतात ती खरोखर यशयाची भाषा आहे की तिचा अंगरखा घातलेली दुसरीच कोणी आहे, ह्याविषयी विद्वानांत मोठा वाद आहे. त्या वादाच्या मध्यभागी एका क्षयी मनुष्याचे चरित्र आहे, तेच आज सांगावयाचे आहे.

रशियाच्या साम्राज्यातील विल्ना प्रांतात लुझ्की नावाचे एक खेडे होते. ते आता बेलारूस देशात मोडते. तेथे ७ जानेवारी १८५८ रोजी एलियेजर इसहाक पर्लमन ह्याचा जन्म झाला. त्याच वर्षाच्या एप्रिलात आपल्या पंडिता रमाबाई जन्मल्या, आणि १९२२ हे दोघांच्याही मृत्यूचे साल आहे. रमाबाईंनी शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यासाठी उतारवयात इब्रीचा अभ्यास केला, हे वाचक जाणतातच. एकाने ती भाषा चुलीपाशी आणण्यासाठी देह झिजवला, आणि दुसरीने तिच्यातला मजकूर खेड्यातल्या बायकांच्या बोलीत आणण्यासाठी. असो.

एलियेजर पाच वर्षांचा असता त्याचा बाप वारला. घरी बोलत ती यिद्दीश. ही भाषा जर्मन बुंध्यावर वाढलेली, इब्री अक्षरांत लिहिली जाणारी, आणि इब्री व स्लाव शब्दांची भर पडलेली अशी आहे. पूर्व युरोपातील यहूदी बायका, सुतार, शिंपी, फेरीवाले हे सर्व तिच्यातच जगत व मरत. शिकलेले लोक मात्र तिला धड भाषा म्हणावयास तयार नसत. इब्री होती ती प्रार्थनेची, नियमशास्त्राची व पुरुषांची. एलियेजराने रब्बी व्हावे म्हणून त्यास पोलोत्स्क येथील पाठशाळेत धाडण्यात आले. तेथला मुख्य गुरू वरून जुन्या वळणाचा, पण आतून नव्या विद्येचा भोक्ता होता. त्याने ह्या हुशार मुलास गुपचूप इब्री व्याकरण शिकवले, आणि रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीचे इब्री भाषांतर वाचावयास दिले. एक खलाशी ओसाड बेटावर झोपडी बांधतो, भांडी घडवतो, बकऱ्या पाळतो, आणि हे सर्व मोशेच्या भाषेत सांगता येते, हे त्या मुलास प्रथमच दिसले. ज्या नातलगाकडे तो राहत होता त्यास ह्या वाचनाची कुणकुण लागली, तेव्हा त्याने मुलास घराबाहेर काढले.

निराश्रित होऊन तो ग्लुबोकोये गावी आला. तेथे योनास नावाच्या एका सुशिक्षित यहूदी कुटुंबाने त्यास ठेवून घेतले. त्या घरची थोरली मुलगी देवोरा हिने त्यास रशियन, फ्रेंच व जर्मन शिकवले. ती त्याच्याहून वयाने वडील होती, आणि पुढे तीच त्याची बायको झाली. १८७७ साली तो द्विन्स्क येथील शाळेतून परीक्षा उतरला. त्याच सुमारास रशिया व तुर्कस्थान ह्यांचे युद्ध जुंपले, आणि बल्गेरियाचे लोक तुर्कांच्या हातून सुटणार अशी वर्तमानपत्रे भरून येऊ लागली. बल्गारांस आपला देश व आपली भाषा परत मिळते, तर यहूद्यांस का मिळू नये, ह्या प्रश्नाने त्यास पछाडले. १८७८ साली वैद्यक शिकावयास तो पॅरिसला गेला. तेथे त्याच्या छातीत क्षय असल्याचे निघाले आणि वैद्यक राहिले ते कायमचेच. परंतु तेथेच एका उपाहारगृहात बसून त्याने एका ओळखीच्या यहूद्याशी इब्रीत संभाषण केले, आणि तोंडातून ती भाषा निघते ह्याची त्यास खात्री पटली. १८७९ साली व्हिएन्नाहून निघणाऱ्या हशाहर ह्या इब्री मासिकात त्याचा लेख छापला गेला. यहूद्यांनी पॅलेस्टाईनात एकत्र यावे, असा त्याचा आशय होता. त्या लेखाखाली त्याने बेन-यहूदा, म्हणजे यहूदाचा पुत्र, अशी सही केली. बापाचे नावही यहूदाच होते, त्यामुळे सहीत वंश व बाप दोन्ही साधले. हवापालटासाठी तो अल्जीरियास गेला. तेथील यहूदी पूर्वेकडच्या उच्चाराने इब्री बोलत. तो उच्चार त्यास गोड वाटला व त्याने तोच धरला.

१८८१ साली कैरो येथे त्याचा देवोराशी विवाह झाला, आणि दोघे तारवात बसून याफोस निघाली. ह्यापुढे आपण एकमेकांशी इब्रीखेरीज कोणत्याही भाषेत बोलावयाचे नाही, असे त्याने तीस सांगितले. तीस इब्री फारशी येत नव्हती. नव्या बायकोवर पहिल्याच दिवसांत मुकेपण लादणे म्हणजे काय, ह्याची कल्पना आपल्या वाचक भगिनींस आम्हांहून चांगली येईल. त्या प्रवासाविषयी त्याने पुढे आणखी एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली आहे. तारवावर चढलेले धिप्पाड अरब पाहून त्याच्या मनात भय शिरले. ते लोक त्या देशाचे रहिवासी म्हणून निर्धास्त वावरत होते, आणि वाडवडिलांची भूमी म्हणून येणारा आपण मात्र परका, असे त्यास वाटले. हे भय त्याने नोंदले खरे, पण त्याचा विचार त्याने शेवटपर्यंत पुरता केला असे आम्हांस दिसत नाही.

यरुशलेमेतील यहूदी त्या वेळी नाना देशांहून आलेले होते. रशिया-पोलंडकडचे यिद्दीश बोलत, स्पेनमधून हाकललेल्यांचे वंशज जुनी स्पॅनिश बोलत, आणि पुष्कळ जण अरबी बोलत. बाजारात एकमेकांशी गाठ पडली म्हणजे प्रार्थनेतील मोडकीतोडकी इब्री त्यांच्या उपयोगी पडे. म्हणून काही विद्वान म्हणतात की इब्री मेली होती हे म्हणणेच चुकीचे. तिच्यात पत्रे लिहिली जात, निवाडे दिले जात, काव्ये रचली जात. अब्राहाम मापू ह्याची इब्री कादंबरी १८५३ सालीच निघाली होती. हे खरेच आहे. परंतु बाजारात दोन माणसे ज्या भाषेने भाव ठरवतात ती भाषा, आणि ज्या भाषेत मूल रडून आईस हाक मारते ती भाषा, ह्यांत अंतर आहे. बेन-यहूदाने हे अंतर तोडावयाचे ठरवले, आणि त्यासाठी पोटचे पोर वापरले.

३१ जुलै १८८२ रोजी थोरला मुलगा बेन-सियोन जन्मला. त्याच्या कानावर इब्रीवाचून दुसरा शब्द पडू नये असा बापाचा कडक नेम होता. पाहुणे आले की मुलास दूर नेत. सोबत खेळावयास सवंगडी नाही, कारण इब्री बोलणारे दुसरे मूलच नव्हते. मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलेना, आणि शेजारी म्हणू लागले की हा मुका राहणार. ह्या मुलाने मोठेपणी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत एक प्रसंग आहे. एके दिवशी देवोरा आपल्या लहानपणची रशियन अंगाई नकळत गुणगुणत होती. इतक्यात नवरा आत आला, आणि त्याने असा संताप केला की ते पाहून घाबरलेल्या मुलाच्या तोंडून शब्द फुटला. मूल बोलले ह्याचा त्या घरी मोठा आनंद झाला. आम्ही मात्र हा प्रसंग वाचताना त्या आईकडेच पाहत राहतो. आपल्या आईची अंगाई आपल्या मुलास म्हणावयाची तीस चोरी होती.

घरात इब्री आली, पण घरातील वस्तूंस नावे कोठे होती? जुन्या करारातील इब्रीत सुमारे आठ हजार शब्द आहेत. त्यांत वेदी, तंबू, जू, नांगर हे आहे, पण वर्तमानपत्र नाही, शब्दकोशही नाही. बेन-यहूदाने मिला म्हणजे शब्द, ह्यावरून मिलोन हा शब्दकोशास शब्द केला. एत म्हणजे काळ, ह्यावरून वर्तमानपत्रास इतोन केला. आइस्क्रीमास त्याने ग्लिदा म्हटले. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात मान्ना जमिनीवर हिमासारखा पसरला होता असे आहे. त्या हिमास जुन्या अरामी भाषांतरात जो शब्द आहे तोच हा. सर्व शब्द त्याचेच होते असे मात्र नाही. यहेज्केलाने अग्नीच्या मध्यभागी जो झळाळणारा पदार्थ पाहिला त्याचे मूळ नाव हश्माल. ते विजेस लावण्याची कल्पना गॉर्डन ह्या कवीची, आणि आज इस्राएलात विजेचे बिलही त्याच नावाने येते. टोमॅटोची गोष्ट गमतीची आहे. दुसऱ्या एका पंडिताने त्यास अग्वानिया असे नाव दिले. त्याचे मूळ धातू यहेज्केलाच्या २३ व्या अध्यायात कामवासनेसाठी आला आहे, म्हणून बेन-यहूदाने नाक मुरडले व अरबीवरून बदुरा म्हणावे असा आग्रह धरला. लोकांनी त्याचे ऐकले नाही. त्याने केलेल्या काही शेकडा शब्दांपैकी पुष्कळ असेच वाऱ्यावर गेले.

पोटासाठी त्याने शिक्षकाचे काम धरले, आणि इब्री ही इब्रीतूनच शिकवावयाची, मध्ये दुसरी भाषा आणावयाची नाही, ही पद्धत चालवली. १८८४ साली त्याने हत्स्वी नावाचे वर्तमानपत्र काढले. त्यात तो यरुशलेमेतील धर्मनिष्ठांवर सडकून टीका करी. हे लोक युरोपातून येणाऱ्या दानधर्मावर जगत, आणि त्या पैशाची वाटणी पुढाऱ्यांच्या हाती असे. लोकांनी हाताने कष्ट करून खावे, शेती करावी, असे त्याचे म्हणणे. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या मंडळ्यांस हे दुखणे अपरिचित नाही. परंतु त्याची लेखणी तिखट होती, आणि धर्मनिष्ठांचा राग केवळ पैशासाठी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पवित्र भाषेत भाजीपाल्याचे भाव बोलणे हाच त्यांना तिचा विटाळ वाटे. त्याने आरंभी दाढी राखून व त्यांच्या चालीरीती पाळून त्यांची मने वळवून पाहिली, पण पुढे ते सोडून दिले. अखेर त्यांनी त्यास वाळीत टाकले. वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्यापैकी ज्यांच्या वाडवडिलांनी विहिरीवर सोसले आहे त्यांस सांगावयास नको.

१८९१ साली देवोरा क्षयाने वारली. रोग तीस नवऱ्यापासूनच लागला असावा. तिच्या दफनाच्या वेळीही वैऱ्यांनी वैर सोडले नाही असे सांगतात. पाच मुले मागे राहिली, आणि थोड्याच दिवसांत घटसर्पाच्या साथीने त्यांपैकी तीन गेली. पुढल्या वर्षी देवोराची धाकटी बहीण त्याच्याशी लग्न करून आली. तिने हेम्दा हे इब्री नाव घेतले, थोड्या अवधीत भाषा शिकली, आणि संसार, वर्तमानपत्र व पुढे कोशासाठी पैसा मिळवण्याचे ओझे तिनेच उचलले. बेन-यहूदाच्या चरित्रात ह्या दोन बहिणींस जितकी जागा मिळावयास पाहिजे तितकी बहुधा मिळत नाही.

१८९३ सालच्या अखेरीस त्याच्या पत्रात त्याच्या सासऱ्याचा एक लेख आला. त्यात पुढे पाऊल टाकण्यासाठी हयिल गोळा करण्याविषयी लिहिले होते. आपल्या जुन्या मराठीत बळ हा शब्द शक्तीसाठीही येई व फौजेसाठीही येई, तसाच इब्रीतील हा शब्द आहे. शत्रूंनी तुर्की अधिकाऱ्यांस कळवले की हा मनुष्य फौज जमवावयास सांगतो. बेन-यहूदास एका वर्षाची कैद झाली. युरोपातील मित्रांनी खटपट करून अपिलात त्यास सोडवले. एका शब्दाच्या दोन अर्थांपायी कोशकार तुरुंगात गेला.

आता वादाकडे वळू. पहिला वाद श्रेयाचा. शाळेच्या पुस्तकांत तो एकटाच इब्रीचा उद्धारकर्ता म्हणून रंगवला जातो. आमच्या काळचे अभ्यासक म्हणतात की त्याच्या धाकाने यरुशलेमेत बोटांवर मोजण्याइतकीच घरे इब्री बोलू लागली. खरे काम शेतकरी वसाहतींतील शिक्षकांनी केले. रिशोन लेसियोन येथे १८८६ साली इब्री शाळा निघाली, १८९८ साली तेथेच इब्री बालोद्यान निघाले, आणि तेथून शिकून निघालेल्या मुलामुलींनी एकमेकांशी लग्ने करून घरे थाटली तेव्हा भाषा घरात आली. १९०४ नंतर रशियातून आलेल्या तरुण मजुरांनी तीस शेतात व कारखान्यात नेले. आमच्या मते हेच म्हणणे अधिक खरे आहे. एका घराने भाषा जगत नाही, तीस शाळा व शेजार लागतो. तथापि हे होऊ शकते असे पहिल्याने ज्याच्या घराने दाखवले त्याचे श्रेय कोठे जात नाही. सियोनवादी चळवळीचा पुढारी हेर्झल ह्यानेसुद्धा १८९६ सालच्या आपल्या पुस्तकात इब्रीत आगगाडीचे तिकीट मागता येईल काय अशी शंका काढली होती.

दुसरा वाद अधिक खोल आहे, तो हेतूचा. इब्रीच का? जवळजवळ सर्व पूर्व युरोपी यहूदी यिद्दीश बोलत असता ती का सोडावयाची? १९०८ साली चेर्नोविट्झ येथे यिद्दीशच्या कैवाऱ्यांनी परिषद भरवून ती यहूद्यांची एक राष्ट्रभाषा आहे असे ठरवले. इब्रीवाद्यांस यिद्दीश म्हणजे परदेशातील हीन जिण्याची खूण वाटे. तिला पुसल्याशिवाय नवा मनुष्य उभा राहणार नाही, अशी त्यांची समजूत. १९१३ साली हैफा येथील नव्या तंत्रविद्यालयात जर्मन चालवावी असा बेत निघाला तेव्हा शिक्षक व विद्यार्थी उठले आणि इब्रीची सरशी झाली. पुढे तेल अवीव शहरात यिद्दीश बोलणाऱ्यांसही रस्त्यात दटावण्यात येऊ लागले. ज्यांनी हे केले त्यांच्या स्वतःच्या आया यिद्दीश बोलत होत्या. मग १९३९ ते १९४५ च्या महायुद्धात नाझींनी साठ लाख यहूदी मारले, त्यांत बहुसंख्य यिद्दीश बोलणारे होते. वाद संपला, पण तो युक्तिवादाने संपला नाही.

आश्चर्य हे की बेन-यहूदा स्वतः ह्या मतांत कोठेच नीट बसत नाही. १९०३ साली इंग्रजांनी यहूद्यांस पूर्व आफ्रिकेत जागा देऊ केली, तेव्हा पॅलेस्टाईनसाठी घरदार उधळणाऱ्या ह्या मनुष्याने त्या बेतास पाठिंबा दिला. त्याचे मित्र चकित झाले. छळ सोसणाऱ्या लोकांस आधी निवारा मिळावा, असा त्याचा हिशेब होता.

तिसरा वाद भाषेच्या जातकुळीचा. बेर्गश्ट्रेसर ह्या जर्मन पंडिताने १९२८ साली म्हटले की नवी इब्री ही वस्तुतः इब्री पोशाखातील युरोपी भाषा आहे. वेक्सलर ह्याने १९९० साली तर तीस यिद्दीशच्या, आणि म्हणून स्लाव, कुळात बसवले. त्सुकरमन म्हणतो की तिचे मायबाप दोन आहेत, इब्री व यिद्दीश, म्हणून तीस इस्राएली म्हणावे. उलट पक्ष म्हणतो की धातू व क्रियापदांचे साचे तेच आहेत, आणि आजचे शाळकरी पोर उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडून बराचसा समजून घेते. आमच्यासारख्या दुरून पाहणाऱ्यास दोन्हीकडे काही सत्य दिसते. घशातील जे खोल उच्चार बेन-यहूदास प्रिय होते ते युरोपातून आलेल्यांच्या जिभेवर टिकले नाहीत, आणि वाक्यांची ठेवणही बदलली. जुन्या करारातील शब्दांचे अर्थ आजच्या इब्रीवरून सांगू नयेत, ही सूचना मात्र उपदेशक बंधूंनी ध्यानात ठेवावी. नाहीतर यहेज्केलाच्या दर्शनात कोणी विजेचा दिवा लावील.

आणखी एक भीती गेर्शोम शोलेम ह्या विद्वानाने १९२६ साली एका पत्रात लिहून ठेवली. जी भाषा इतकी शतके देवाशी बोलण्यात गेली ती रोजच्या व्यवहारास जुंपली म्हणजे तिच्यातील पवित्र अर्थ निमूट बसतील असे नव्हे, ते कधीतरी उसळून वर येतील, असे त्यास वाटत होते. त्या देशात पुढे जे झाले ते पाहता ही भीती पोकळ होती असे म्हणवत नाही. आणि भाषेचा शेजार? बेन-यहूदा अरबीस इब्रीची सख्खी बहीण मानी, व अडेल तेथे तिच्यातून धातू घ्यावेत म्हणे. भाषासमितीतील इतरांस ते सरसकट पटले नाही. १९४८ च्या युद्धात लक्षावधी अरबांची घरे सुटली, आणि नकाशावरील पुष्कळ अरबी नावांच्या जागी इब्री नावे बसली. १९२२ सालच्या मँडेटात इंग्रजी, अरबी व इब्री ह्या तिन्ही राजभाषा होत्या. २०१८ च्या कायद्याने इस्राएलात इब्री ही एकटीच राज्याची भाषा ठरली, आणि अरबीस विशेष दर्जा असे मोघम स्थान राहिले.

पहिल्या महायुद्धाची बरीच वर्षे बेन-यहूदा अमेरिकेत होता व १९१९ साली परतला. रोज अठरा तासांपर्यंत उभ्याने काम करी असे सांगतात. १९०८ साली त्याच्या महाकोशाचा पहिला खंड निघाला होता. त्यात प्राचीन काळापासूनचा प्रत्येक इब्री शब्द आधारांसह द्यावयाचा होता. १६ डिसेंबर १९२२ रोजी तो यरुशलेमेत वारला, आणि जैतुनांच्या डोंगरावर त्यास पुरले. तीस हजार लोक प्रेतयात्रेस होते म्हणतात. त्याच शहरात एकतीस वर्षांपूर्वी देवोराला मूठमाती दिली होती. कोश हेम्देने व विद्वानांनी पुढे चालवला. ती १९५१ साली वारली, आणि तूर-सिनाय ह्या पंडिताच्या हातून १९५९ साली सतरावा खंड पुरा झाला. मुका राहील अशी ज्याची भीती होती तो थोरला मुलगा इतामार बेन-अवी ह्या नावाने मोठा पत्रकार झाला, आणि बापाची भाषा रोमन अक्षरांत लिहावी असा त्याने आग्रह धरला. लोकांनी त्याचेही ऐकले नाही.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल, ज्यांस लोक शनवार तेली म्हणत, ते प्रार्थना इब्रीत करीत व घरी मराठी बोलत. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली मुंबईस मराठीतून इब्री व्याकरण छापले, ते ह्यांच्या उपयोगी पडावे म्हणून. १९४८ नंतर त्यांतील हजारो लोक इस्राएलास गेले. तेथे बेन-यहूदाची इब्री त्यांस प्रौढपणी पाटी घेऊन शिकावी लागली, आणि मुले ती शाळेतून घेऊन घरी आली. त्यांच्यातील मराठीवर जीव असणाऱ्यांनी त्याच देशात एक मराठी नियतकालिक चालवले, त्याचे नाव मायबोली.